बाबांचा पार्किन्सन्स आणि टीएमएसचं पॅकेज: पैसे भरण्याआधी

वाचकाचं पत्र: माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. सात वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, सुरुवात उजव्या हातापासून झाली. ‘सिंडोपा ११०’ ही गोळी दिवसातून पाच वेळा चालू आहे. गोळीचा असर आता तीन तासांत उतरतो आणि दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. जवळच्या शहरातल्या एका केंद्राने ‘मॅग्नेट ट्रीटमेंट’च्या २० सिटिंगचं ६० हजारांचं पॅकेज सांगितलंय. मेंदूतल्या मेलेल्या पेशी पुन्हा वाढतात, गोळ्या हळूहळू बंद होतात, असं ते म्हणाले. बाबांना हृदयात स्टेंट आहे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दाढेला धातूची कॅप आहे आणि ते कानाचं मशीन लावतात. हे करावं का? शॉक बसतो का? नातेवाइकांनी चुंबकाचा पट्टा आणून दिलाय, त्याचा उपयोग होईल का? – एक वाचक, जि. सांगली

ताई,

तुम्हाला जी ‘मॅग्नेट ट्रीटमेंट’ सांगितली, तिचं पूर्ण नाव ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस. ही खरी उपचारपद्धती आहे. पार्किन्सन्समध्ये तिचा थोडा फायदा होऊ शकतो आणि नीट केली तर धोकाही कमी असतो. पण तुम्हाला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत आणि त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करता येत नाहीत. सिंडोपा एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं ताठणं, ताप चढणं, भान हरपणं असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या केंद्रात एक रुपयाही भरू नका, मग मशीन कितीही भारी असो.

शॉकचं आधी सांगतो, कारण घरात तीच भीती असणार. मनोविकारात भूल देऊन, मुद्दाम झटका आणून जे शॉक देतात, त्याचा याच्याशी संबंध नाही. इथे माणूस खुर्चीत जागा असतो आणि सिटिंग संपल्यावर आपल्या पायांनी घरी जातो. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र माणसाच्या मेंदूवर पहिल्यांदा वापरून दाखवलं. तांब्याच्या तारेची कॉइल डोक्याला टेकवतात आणि तिच्यातून एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ मोठा विद्युतप्रवाह सोडतात. त्याने दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र झटकन चढतं आणि उतरतं. हा झाला एक ठोका. हे बदलतं क्षेत्र कवटीतून आरपार जाऊन मेंदूच्या पृष्ठभागात बारीक प्रवाह निर्माण करतं. काम होतं ते क्षेत्र बदलल्यामुळे. तुमच्याकडच्या पट्ट्यातलं चुंबक स्थिर असतं, त्यामुळे असा प्रवाह तयारच होत नाही. पट्टा परत करा. कोणाला पेसमेकर असेल तर तो जवळही नको.

आता ‘पेशी वाढतात’ हे का चूक, ते बघा. पार्किन्सन्समध्ये ज्या पेशी मरतात त्या मेंदूच्या बुंध्याजवळ, बऱ्याच आत असतात. नेहमीच्या आठच्या आकड्यासारख्या कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणजे तो तिथवर पोचतच नाही. टीएमएस जागं करतं ते वरचं हालचालीचं केंद्र, ज्याला मोटर कॉर्टेक्स म्हणतात. तिथून खोलवर जाणाऱ्या मज्जातंतूंमार्फत आतल्या पेशींच्या जाळ्यावर थोडा परिणाम होतो. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २००३ मध्ये निरोगी लोकांचे पेट स्कॅन करून दाखवलं, की मोटर कॉर्टेक्सवर टीएमएस दिल्यावर आत डोपामिन, म्हणजे पार्किन्सन्समध्ये कमी पडणारं रसायन, सुटतं. पण शिल्लक पेशींनी थोडं जास्त डोपामिन सोडणं वेगळं आणि नव्या पेशी उगवणं वेगळं.

मग फायदा किती? युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये सगळे पुरावे तपासून श्रेणी लावल्या. नैराश्य आणि मज्जातंतूंच्या वेदना यांना ‘अ’, म्हणजे निश्चित उपयोगी, ही श्रेणी मिळाली. पार्किन्सन्समधल्या हालचालीच्या त्रासाला ‘ब’ मिळाली, म्हणजे बहुधा उपयोगी, आणि तीही दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सवर जलद ठोके दिले तरच. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांच्या नियामक संस्थेने नैराश्यासाठी टीएमएसला २००८ मध्ये परवानगी दिली, पार्किन्सन्सच्या हालचालींसाठी दिलेली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१ रुग्णांच्या चाचणीत मोटर कॉर्टेक्सवर १० दिवस टीएमएस दिल्यावर हालचाल खोट्या उपचाराच्या तुलनेत सुधारली. त्याच चाचणीत नैराश्य मात्र खोट्या उपचाराहून जास्त सुधारलं नाही.

खोटा उपचार म्हणजे कॉइल तशीच टेकवायची, टकटक आवाजही तोच, पण मेंदूपर्यंत काही पोचू द्यायचं नाही. पार्किन्सन्समध्ये ही तुलना फार महत्त्वाची, कारण या आजारात नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामिन सुटतं, हे स्कॅनवर दिसलेलं आहे. २०१३ मध्ये जपानमधली १०६ रुग्णांची चाचणी आली. त्यात हालचालीच्या केंद्रापुढच्या भागावर आठवड्यातून एकदा, असं आठ आठवडे टीएमएस दिलं. सुरुवातीला खोट्या उपचारवाल्यांनाही बरं वाटलं. विसाव्या आठवड्यापर्यंत टिकला तो फक्त सेकंदाला एक ठोका घेतलेल्या गटाचा फायदा, हालचालीच्या मापपट्टीवर सरासरी ६.८४ गुणांचा. सेकंदाला दहा ठोके घेतलेल्यांचा ओसरला. म्हणून ‘पाचव्या सिटिंगलाच पेशंट धावायला लागला’ असे व्हिडिओ कोणी दाखवले तर त्यावरून काही ठरवू नका. महिन्या-दोन महिन्यांनी काय उरलं, ते विचारा.

तुमच्या बाबांच्या बाबतीत मला टीएमएसच्याही आधी गोळ्यांचं वेळापत्रक दुरुस्त करावंसं वाटतं. पाय चिकटतात ते गोळीचा असर उतरल्यावर, की गोळी पूर्ण चढलेली असतानाही? आठवडाभर वहीत लिहा: गोळीची वेळ, असर कधी सुरू झाला, कधी उतरला, पाय कधी अडकले. अडकणं असर उतरल्यावरच होत असेल, तर दोन गोळ्यांमधलं अंतर किंवा मात्रा बदलून, नाहीतर असर लांबवणारं औषध जोडून न्यूरॉलॉजिस्ट बराच फरक पाडू शकतात, आणि त्याला ६० हजार लागत नाहीत. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर घ्यायची. दुधाबरोबर नको आणि उसळ, दही, पनीर, अंडं यांच्यावर लगेच नको, कारण प्रथिनं आणि सिंडोपातलं मुख्य औषध लेव्होडोपा शरीरात जाण्यासाठी एकाच वाटेवर भांडतात. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि सिंडोपात दोन तासांचं अंतर ठेवा. बद्धकोष्ठ असेल तर तेही औषध उशिरा पोचण्याचं कारण असतं.

घरातला औषधांचा डबाही एकदा उपडा करून बघा. चक्कर येते म्हणून दिलेली स्टुजेरॉन किंवा स्टेमेटिल, उलटीसाठी दिलेली पेरिनॉर्म, ही औषधं पार्किन्सन्स वाढवतात आणि आपल्याकडे ती सर्रास दिली जातात. सापडली तर ती कोणी आणि कशासाठी दिली ते न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आणि कोणी खाजकुयलीचं, म्हणजे कवचबीजाचं चूर्ण सुरू केलं असेल तर तेही सांगा. त्यात मुळातच लेव्होडोपा असतो, त्यामुळे मात्रेचा हिशेब चुकतो.

एवढं करूनही त्रास उरला आणि न्यूरॉलॉजिस्टनी हरकत घेतली नाही, तर टीएमएस करून बघायला माझा विरोध नाही. केंद्राकडून आधी हे लेखी घ्या: कॉइल डोक्यावर कुठे ठेवणार, सेकंदाला किती ठोके, तीव्रता मोटर थ्रेशोल्डच्या (हात हलवायला पुरणाऱ्या सगळ्यात कमी तीव्रतेच्या) किती टक्के, एका सिटिंगला एकूण किती ठोके, आणि किती सिटिंग.

हे लेखी घ्यायचं कारण असं, की आपल्याकडची बरीच मशीन मानसोपचाराच्या दवाखान्यांत नैराश्यासाठी आलेली आहेत आणि त्यांच्यात नैराश्याचा कार्यक्रम तयारच भरलेला असतो. तो असा: कपाळाच्या डाव्या बाजूवर, सेकंदाला १० ठोके, चार सेकंद ठोके आणि २६ सेकंद विश्रांती, एकूण ३००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. बाबांना हाच लावला तर उदासी असल्यास कदाचित उपयोग होईल, पाय सुटायला होणार नाही. हालचालीसाठी कॉइल टाळूच्या बाजूला, हात किंवा पाय हलवणाऱ्या जागेवर असायला हवी, आणि दोन्ही बाजूंना. २०१६ च्या त्या चाचणीत प्रत्येक बाजूला १००० ठोके दिले होते, सेकंदाला १०, चार सेकंदांच्या २५ खेपांत. अर्ध्या मिनिटाला एक खेप धरली तर एका बाजूला साडेबारा मिनिटं लागतात. दोन्ही बाजू आणि तयारी धरून पाऊण तास सहज जातो. ‘दहा मिनिटांत उरकतं’ असं म्हणाले तर थीटा बर्स्ट नावाचा वेगळा, झटपट प्रकार असू शकतो. नैराश्यात तो चालतो, पार्किन्सन्सच्या हालचालीत त्याचा पुरावा कच्चा आहे.

पहिलं सिटिंग कसं होतं ते बघितलंत की केंद्राची कुवत कळेल. डोक्याला घट्ट टोपी घालतात, नाकाच्या मुळापासून आणि कानांपासून टेपने माप घेऊन टाळूचा मध्य काढतात. तिथून बाजूला साधारण पाच सेंटिमीटरवर कॉइल ठेवून एक-एक सुटा ठोका देत, थोडं थोडं सरकवत, विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी कुठे सगळ्यात जास्त हलते ती जागा शोधतात. कॉइलची मूठ मागच्या बाजूला, मधल्या रेषेशी ४५ अंशांत असते. जागा सापडली की टोपीवर खूण करतात आणि तीव्रता कमी करत नेतात. दहापैकी पाच ठोक्यांना स्नायूचा प्रतिसाद मिळतो ती सगळ्यात कमी तीव्रता म्हणजे मोटर थ्रेशोल्ड. स्नायूवर इलेक्ट्रोड लावले असतील तर हा प्रतिसाद किमान ५० मायक्रोव्होल्टचा लागतो. उपचाराची तीव्रता याच्या ८० ते १२० टक्क्यांत ठरते. प्रत्येकाचा थ्रेशोल्ड वेगळा असतो. सगळ्यांना मशीनवर एकच आकडा लावणारं केंद्र हे मोजतच नाही असं समजा आणि तिथून उठून या.

पार्किन्सन्समध्ये इथेच गफलत होते. कंप चालू असताना हात विश्रांतीत नसतो. आधीच आखडलेल्या स्नायूला हलवायला कमी ताकद पुरते, म्हणून थ्रेशोल्ड खोटा कमी येतो आणि पुढचा सगळा उपचार दुबळा पडतो. मोजणी गोळी चढलेली असताना, हात मांडीवर उशीवर सैल ठेवून करायची, आणि पुढची सिटिंगंही गोळीनंतर तेवढ्याच वेळाने ठेवायची. आठवड्यातून एकदा थ्रेशोल्ड पुन्हा मोजावा, मात्रा बदलली तर लगेच.

दुसरी गफलत कॉइल सरकण्याची. अनावश्यक हालचाली असलेल्या माणसाचं डोकं डुलतं, आणि कॉइल सेंटिमीटरभर बाजूला गेली तरी ठोका भलतीकडे पडतो. मान टेकवायला आधार हवा आणि टेक्निशियन पूर्ण वेळ शेजारी हवा. मशीन चालू करून तो फोनवर बोलायला बाहेर जाणार असेल तर स्पष्ट सांगा, की थांबा. कॉइल तापली की मशीन आपोआप बंद पडतं. त्या वेळी राहिलेले ठोके नंतर पूर्ण करून घ्या, सिटिंग अर्धवट मोजू देऊ नका.

पायांच्या बाबतीत एक अडचण मुळातच आहे. हाताचं केंद्र कवटीच्या जवळ आहे, पायाचं टाळूच्या मधोमध, दोन अर्धगोलांच्या फटीत आत वळलेलं. साध्या कॉइलने तिथे पोचणं अवघड, म्हणून काही ठिकाणी कोनात वाकवलेली डबल कोन कॉइल वापरतात. तिचा झटका डोक्याला जास्त लागतो. त्यामुळे दारात पाय अडकणं सुटेलच असं धरून चालू नका. हाताची मंदगती, ताठरपणा यांत फरक दिसण्याची शक्यता जास्त.

आता बाबांच्या अंगातल्या धातूचं. हृदयातला स्टेंट कॉइलपासून लांब आहे, तो आड येत नाही. मोतीबिंदूची लेन्स प्लॅस्टिकची असते. दाढेच्या कॅपमुळे उपचार अडत नाही. कानाचं मशीन बाहेर काढून ठेवायचं, आणि दोन्ही कानांत इअरप्लग घालायचेच, ऐकू कमी येतं म्हणून ते टाळायचे नाहीत. कॉइलचा खटका मोठा असतो आणि आहे तेवढी श्रवणशक्ती जपायची आहे. मशीन काढल्यावर त्यांना सूचना ऐकू येणार नाहीत, म्हणून हात वर केला की थांबवायचं, ही खूण आधीच ठरवा. कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, डीबीएसच्या, म्हणजे मेंदूत खोलवर विजेच्या तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेतल्या तारा यांपैकी काही असतं तर मी नकोच म्हणालो असतो. पेसमेकर असता तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. घड्याळ, मोबाइल, बँकेची कार्डं खोलीबाहेर ठेवा.

खरा गंभीर धोका एकच, फिट येण्याचा. नियमात राहून केलं तर तो दहा हजार सिटिंगमागे एकापेक्षाही कमी आहे. पण तो वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या हातात असतात. आधी कधी फिट आली होती का, पक्षाघात किंवा डोक्याला मोठा मार लागला होता का, हे सांगा. दम्यासाठी डेरिफायलिन, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू असेल तर ते सांगा. क्लोनाझेपाम रोज घेत असतील तर कोर्सच्या तोंडावर ती अचानक बंद करू नका. रात्रभर जागरण झालं असेल, ताप असेल किंवा दारू घेतली असेल तर त्या दिवशीचं सिटिंग पुढे ढकला. फिट आलीच तर काय करणार, डॉक्टर त्याच इमारतीत असतात का, ऑक्सिजन आणि इंजेक्शन हाताशी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. बाकी त्रास किरकोळ: डोक्याला टोचल्यासारखं होणं, कपाळ किंवा जबडा फडफडणं, त्या दिवशी डोकं दुखणं. त्यावर पॅरासिटामॉल पुरते.

फरक पडला की नाही हे आठवणीवर सोडू नका. कोर्सआधी, कोर्स संपल्यावर आणि पुढे महिन्याने न्यूरॉलॉजिस्टकडून यूपीडीआरएस या पार्किन्सन्सच्या मापपट्टीचा तिसरा, म्हणजे हालचालीचा भाग तपासून घ्या, तिन्ही वेळा गोळीनंतर तेवढ्याच वेळाने. या मापपट्टीच्या जुन्या आवृत्तीत अडीच गुणांचा फरक म्हणजे रुग्णाला जेमतेम जाणवणारा, पाचच्या आसपासचा मध्यम. मोजणारा माणूस शक्यतो केंद्राचा नसावा. घरीही मोजा: हात असलेल्या खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर सेकंद लावा, शेजारी माणूस ठेवा, तीन वेळा करून मधला आकडा लिहा. शर्टाची पाच बटणं लावायला लागणारा वेळही लिहा, उजव्या हाताचं त्यातून नेमकं कळतं. कोर्स चालू असताना गोळ्यांची मात्रा बदलू नका, नाहीतर फायदा कशाचा तेच कळणार नाही. म्हणूनच वेळापत्रक आधी बसवा, तीन-चार आठवडे स्थिर राहू द्या, मग टीएमएसला हात घाला.

पॅकेज वीसचं असलं तरी पैसे आधी दहाचेच भरा. आठवड्यातून पाच दिवस, दोन आठवडे. दहा सिटिंगनंतर आकडे जागचे हलले नसतील तर पुढच्या दहांसाठी आग्रह धरू नका. हलले असतील तर हेही माहीत असू द्या, की परिणाम बहुतेकदा काही आठवडे ते एखाद-दोन महिने टिकतो आणि मग ओसरतो. पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे खर्चही पुन्हा. रोज एसटीने तासभर जाणं-येणं होणार असेल तर त्या थकव्याचाही विचार करा. दमलेल्या माणसाचे पाय जास्त अडकतात.

दारात अडकणाऱ्या पायांसाठी आजपासून करता येईल असं एक सांगतो. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, पावलाच्या अंतरावर, फरशीवर उठून दिसेल अशा रंगाच्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. बाबांना रेघ ओलांडायला सांगा. अडकले की ओढू नका, मागून ढकलू नका. आधी थांबायचं, वजन एका पायावर घ्यायचं, ‘एक-दोन’ म्हणायचं आणि मग दुसरं पाऊल मोठं टाकायचं. फिजिओथेरपिस्टकडून हे पक्कं करून घ्या. टीएमएस केलंत तर व्यायाम त्यानंतर लगेच ठेवा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्ण आणि घरच्यांसाठी काम करतात, त्यांच्याशी जरूर संपर्क साधा.

आणि गोळ्या नीट बसवूनही दिवसातले बरेच तास असर उतरलेल्या अवस्थेत जात असतील, तर न्यूरॉलॉजिस्टना डीबीएसबद्दल सरळ विचारा. तो निर्णय टीएमएसच्या कोर्समागून कोर्स करत लांबवू नका. डीबीएसला वय, स्मरणशक्ती आणि गोळीला मिळणारा प्रतिसाद बघतात, आणि त्यातलं काही वर्षांबरोबर सुधारत नाही.